करंज बायोडिझेलचा प्रोजेक्ट घेतोयस? आधी डिझेलची डिझेलशीच टेस्ट लाव

प्रश्न थोडक्यात असा होता: "दादा, मी बेळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये किर्लोस्करचं सिंगल सिलिंडर इंजिन आहे, एडी करंट डायनोसकट, म्हणजे इंजिनवर लोड टाकून ताकद मोजायच्या यंत्रासकट. गाइड म्हणतात करंज बायोडिझेलचं १०, २०, ३० टक्के मिश्रण, म्हणजे बी१०, बी२०, बी३० करून परफॉर्मन्स आणि एमिशन काढ. हेच करू की इथेनॉल, बायोगॅस असं काही वेगळं घेऊ? आणि सगळं इलेक्ट्रिक होत चाललंय तर इंजिन टेस्टिंगमध्ये पुढं काय राहिलंय का?"

अरे, आधी तुझा प्रोजेक्ट इंजिनला हात न लावता कागदावरच करून बघू, पाच मिनिटांचं काम आहे. डिझेलची डेन्सिटी ०.८३ धर आणि लोअर कॅलरिफिक व्हॅल्यू, म्हणजे जळल्यावर मिळणारी उष्णता (धुरातल्या पाण्याच्या वाफेतली सोडून), किलोला ४२.५ मेगाज्यूल. करंज बायोडिझेलची ०.८८ आणि ३७.५. तुझ्या सॅम्पलचे आकडे थोडे इकडेतिकडे येतील, गणित बदलत नाही. व्हॉल्यूमनं २० टक्के मिसळलं की बी२०ची व्हॅल्यू येते साधारण ४१.४५, म्हणजे डिझेलपेक्षा जेमतेम अडीच टक्के कमी. इफिशियन्सी तीच राहिली तर बीएसएफसी (एका किलोवॅट-तासाला किती किलो फ्युएल लागलं ते) अडीच टक्क्यांनी वाढणार, बस्स, एवढाच फरक तुला पकडायचा आहे. बी१०ला तर सव्वा टक्का.

आता तुझं मोजायचं सामान काय ते बघू. लॅबमधलं इंजिन बहुतेक टीव्ही१ असणार, आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत हेच बसलंय: बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११०, ६६१ सीसी, कॉम्प्रेशन रेशो १७.५, १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट. (किर्लोस्करांचं म्हणशील तर लक्ष्मणराव आपल्याच जिल्ह्यातले, जन्म गुर्लहोसूरचा, १८८८ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र नि नांगर, आणि १९१०ला किर्लोस्करवाडी. ऑइल इंजिनची कंपनी बरीच नंतरची, १९४६ची. तरी टेस्ट बेडवर ती पाटी बघून बेळगावच्या माणसाला बरं वाटतंच.) सांगलीच्या अपेक्स कंपनीचा रिग, म्हणजे टेस्टचा सेट, असेल तर डायनोचा आर्म १८५ मिमी, म्हणजे फुल लोडला डिस्प्लेवर साधारण १८ किलो दिसतात.

बीएसएफसी ०.२७ धरली तर फुल लोडला हे इंजिन तासाला १.४ किलो डिझेल पितं, मिनिटाला २८ सीसी. ब्युरेटमधून (रेघा मारलेली काचेची नळी) १० सीसी उतरायला लागतात २१ सेकंद. तू मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बोट ठेवून बसणार, वरच्या रेघेला एकदा दाबणार, खालच्या रेघेला एकदा, इंजिन थरथरतंय, ब्युरेटमधली लेव्हल पण थरथरतेय, पाव ते अर्धा सेकंद इकडेतिकडे जाणारच. झाली तिथंच एक ते अडीच टक्के चूक. लोड सेलचा (डायनोवरचा लोड मोजणारा सेन्सर) झिरो ०.२ किलोनं सरकलेला असेल, आणि तासभर इंजिन चालल्यावर तो सरकतोच, तर फुल लोडला आणखी एक टक्का, आणि पाव लोडला, म्हणजे साडेचार किलोला, तीच चूक साडेचार टक्के होतेय. कॅलरिफिक व्हॅल्यूत एखादा टक्का धर. हे सगळं स्क्वेअर करून बेरीज करून रूट घे, फुल लोडलासुद्धा दोन ते तीन टक्के चूक येतेच. पाव लोडला तर बोलायलाच नको.

म्हणजे जो फरक शोधायचाय तो आणि मोजण्यातली चूक, दोन्ही जवळजवळ सारखेच. मग रिपोर्टात बीटीई, म्हणजे फ्युएलच्या उष्णतेतली किती टक्के कामाला लागली ते, काढून "बी२०ची बीटीई ३१.२ आली, डिझेलची ३०.९, म्हणून बी२० सरस" असं लिहिणं म्हणजे काय की हवेत गाठी मारणं. असे रिपोर्ट ढिगानं आहेत. एकात बी२० वर, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात बी२० चांगलं पण बी१० वाईट आणि बी३० परत चांगलं, आणि प्रत्येकाला वाटतंय ऑक्सिजनमुळे झालं. प्रत्येक वर-खालीला ऑक्सिजन आणि व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ही दोन कारणं कायम तयार असतात, बीटीई वाढली की ऑक्सिजन, घटली की व्हिस्कॉसिटी. स्टॉपवॉचवरच्या बोटाचं नाव कोणी घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिले आठ-पंधरा दिवस बायोडिझेलचा डबा कपाटात ठेवून दे आणि डिझेलची डिझेलशीच टेस्ट लाव. एकाच पंपावरचं, एकाच दिवशी आणलेलं डिझेल दोन कॅनमध्ये भर, एकावर क, दुसऱ्यावर ख लिही. क कॅनसाठी पूर्ण लोड सिरीज घे, मग लाइन रिकामी करून, जसं फ्युएल बदलताना करशील तसं सगळं करून, ख घाल आणि परत सिरीज घे. दुसऱ्या दिवशी उलट क्रमानं. लोडसुद्धा शून्य, पाव, अर्धा असा शिडीनं चढवू नको, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरव, नाहीतर इंजिन तापत जातंय आणि लोड वाढत जातोय हे दोन्ही एकमेकांत मिसळून जातंय. जमलं तर मित्राला फ्युएल ओतायला लाव आणि क की ख हे स्वतःला कळू देऊ नको, कारण आकडा आवडला नाही की आपण परत रीडिंग घेतो, आवडला की घेत नाही, हे सगळेच करतात. शेवटी क आणि खमध्ये जो फरक येईल तो तुझ्या रिगची ताकद. तीन टक्के आला तर तीन टक्क्यांखालचं काहीही तुझा रिग बघूच शकत नाही, आणि ते रिपोर्टात पहिल्या पानावर लिहायचं. बाहेरून आलेला एक्झामिनर जाणकार असला तर बाकी काही नाही तरी या एका ग्राफवर खूश होतोय.

सुधारणा करायला फार पैसे लागत नाहीत. १० सीसीच्या जागी ५० सीसी घे, पावणेदोन मिनिटं लागतात, अर्धा सेकंद चुकला तरी अर्धाच टक्का. त्याहून चांगलं म्हणजे ब्युरेटच सोडून दे, एक ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा आण, त्यावर फ्युएलचा डबा ठेव आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम गेलं ते बघ, फुल लोडला सव्वादोनशेच्या वर ग्रॅम जातात, चूक अर्ध्या टक्क्याच्या आत. पाइप मात्र डब्याला टेकू देऊ नको, वरून लोंबकळत सोड, नाहीतर पाइपच्या ताणाचं वजन मोजत बसशील. लोड सेलला सुट्टी वजनं टांगून कॅलिब्रेट कर, वजनं चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा, आणि प्रत्येक सिरीजच्या आधी-नंतर झिरो लिहून ठेव.

वजनाचा आणखी एक फायदा. ब्युरेट मोजतंय व्हॉल्यूम. पोरं डिझेलसाठी केलेली एक्सेल शीट तशीच बायोडिझेलला वापरतात, डेन्सिटीच्या खान्यात ०.८३ तसाच राहतो, खरी असते ०.८८. झालं, फ्युएल सहा टक्के कमी जळलं असं दिसतं आणि ३१ची इफिशियन्सी ३३ च्या जवळ जाते. कुठल्याही रिपोर्टात बी१००ची बीटीई डिझेलपेक्षा दोन पॉइंट वर दिसली की मी आधी डेन्सिटीचा खाना बघतो. तसाच दुसरा घोळ कॅलरिफिक व्हॅल्यूचा: बॉम्ब कॅलरीमीटर देतो हायर व्हॅल्यू, पुस्तकात डिझेलची असते बहुतेक लोअर, एकाची ही नि दुसऱ्याची ती घेतली की परत सहा-सात टक्क्यांची बनावट. आणि तिसरं बारीक काम, नोझलमधून गळून परत येणाऱ्या फ्युएलची लीक-ऑफ लाइन बघ कुठं जातेय. ती ब्युरेटला बायपास करून टाकीत जात असेल तर न जळलेलं फ्युएलसुद्धा जळलं म्हणून तुझ्या खात्यावर पडतंय, आणि व्हिस्कॉसिटी बदलली की लीक-ऑफ पण बदलतंय. वजनकाट्यावरच्या डब्यातच ती परत सोड, मिटला प्रश्न.

बेळगावचं हवामान हा वेगळाच विषय. आपण साडेसातशे मीटरवर, हवेचा दाब ९२५ मिलीबारच्या आसपास, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा हवा आठ-नऊ टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाला फुल लोडला तेवढी हवा कमी मिळते, धूर जास्त. चेन्नईच्या कुठल्या पेपरशी आपले स्मोकचे आकडे जुळवत बसू नको. इंजिन टेस्टिंगच्या भारतीय मानकात, आयएस १००००मध्ये, दाब-तापमानाचं करेक्शन दिलंय ते लाव, निदान प्रत्येक दिवसाचा दाब, ड्राय बल्ब, वेट बल्ब (कोरड्या नि ओल्या थर्मामीटरची तापमानं) लिहून ठेव. वेट बल्ब कशाला विचारशील तर नॉक्ससाठी (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड). आपल्याकडं होतं काय की पहिल्या रिव्ह्यूला फेब्रुवारी-मार्चमध्ये डिझेलची रीडिंगं घेऊन ठेवतात, बायोडिझेल तयार व्हायला उशीर होतो, आणि त्याची टेस्ट जुलैत, बाहेर आपला तो आठ-आठ दिवस न थांबणारा पाऊस चालू असताना. दमट हवेतली वाफ ज्वालेचं तापमान खाली आणते आणि नॉक्स पडतो. मग निष्कर्ष निघतो की करंज बायोडिझेलनं नॉक्स कमी होतो. करंजानं काही केलेलं नसतं, पावसानं केलेलं असतं. प्रत्येक बायोडिझेल टेस्टच्या दिवशी सकाळी डिझेलची एक सिरीज परत घ्यायचीच, बेसलाइन त्याच दिवसाची पाहिजे.

बायोडिझेल करणार असशील तर तेलाची ॲसिड व्हॅल्यू (तेलात मोकळं ॲसिड किती ते) काढल्याशिवाय रिॲक्शन लावू नको. खानापूर-नंदगड बाजूला ओढ्याकाठी करंज भरपूर, घाण्यावर तेल मिळतंही, पण बिया भिजलेल्या असल्या किंवा तेल डब्यात पडून राहिलं असलं की फ्री फॅटी ॲसिड (एफएफए) चढतं. टायट्रेशन सोपंय: एक ग्रॅम तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, दोन थेंब फिनॉल्फथॅलीन, ०.१ नॉर्मल केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंबथेंब, गुलाबी रंग टिकला की थांब. करंज तेल मुळातच तांबूस-तपकिरी असतंय त्यामुळे गुलाबी ओळखू येत नाही, मागं पांढरा कागद धर आणि तेल कमी घे. ॲसिड व्हॅल्यू चारच्या वर, म्हणजे एफएफए दोन टक्क्यांच्या वर असेल तर थेट केओएच घातलंस की साबण होणार आणि वेगळं व्हायचं नावच घेणार नाही, सकाळी येऊन बघशील तर भांड्यात नुसता लगदा. आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मेथॅनॉलनं एफएफए खाली आण, मग दुसरी स्टेप: लिटरला अडीचशे मिली मेथॅनॉल, केओएच तेलाच्या वजनाच्या एक टक्का, ६० डिग्री, कंडेन्सर लावून, कारण मेथॅनॉल ६५ला उकळतंय आणि त्याची वाफ विषारी तर आहेच, पेट पण घेते. रात्रभर ठेवलं की काळसर ग्लिसरीन खाली बसतं. कोमट पाण्यानं धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग गरम करून पाणी उडव. झाल्यावर ४० डिग्रीला व्हिस्कॉसिटी काढ. साडेतीन ते पाच सेंटीस्टोक्स पाहिजे, सात-आठ आली तर तेल अर्धवट राहिलंय आणि तू बायोडिझेल नाही, बायोडिझेल आणि तेलाचं मिश्रण टेस्ट करणार आहेस.

यावरून आठवलं, आपल्या भागात गुऱ्हाळवाले नेहमी विचारतात, कच्चं करंज तेलच घातलं तर इंजिन चालत नाही काय ओ? चालतंय की. मस्त चालतंय. रुडॉल्फ डिझेलच्या हयातीतच, १९००च्या पॅरिस प्रदर्शनात, शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलेलं आहे. अडचण पहिल्या दिवशी दिसतच नाही. तेलाची व्हिस्कॉसिटी डिझेलच्या दहापट तरी, स्प्रे बारीक होत नाही, मोठे थेंब भिंतीवर जाऊन आपटतात, नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतो, रिंगा जाम होतात, आणि न जळलेलं तेल खाली ऑइलमध्ये उतरून ते ऑइल चिकट जेलीसारखं होतं. जुन्या स्लो-स्पीड इंजिनाला हे जास्त दिवस चालून जातं, १५०० आरपीएमच्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्याला कमी.

आणि इथंच मला वाटतं तुझा खरा प्रोजेक्ट आहे. बी२०ची बीटीई काढून झालेली आहे, हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजातून होंगेच्या (करंजाचं कानडी नाव) बायोडिझेलवर २००८च्या सुमारासच पेपर आलेत. त्यात तू अडीच टक्क्यांचा फरक दोन टक्क्यांच्या चुकीत शोधत बसण्यापेक्षा जिथं फरक ढळढळीत दिसतोय ते घे ना. बी१०० घे, म्हणजे निव्वळ बायोडिझेल, आणि एंड्युरन्स घे, म्हणजे बराच वेळ इंजिन चालवून बघायची टेस्ट. आयएस १००००च्या पद्धतीनं पूर्ण करायचं तर १६ तासांच्या ३२ सायकल, ५१२ तास होतात, ते कॉलेजात जमणार नाही, लॅब पाचला बंद होते आणि डिझेलचं बिल कोण भरणार. पण शंभरेक तास जमतात, तुकड्यातुकड्यानं. सुरुवातीला नोझल काढून फोटो, ओपनिंग प्रेशर तपास (याला साधारण २०० बार असतं), नोझल टेस्टरवर स्प्रे बघ, नवीन ऑइल घाल. मग दर वीस-पंचवीस तासांनी ऑइलचं थोडं सॅम्पल काढ आणि त्याची व्हिस्कॉसिटी नि फ्लॅश पॉइंट (किती तापमानाला वाफ पेट घेते ते) बघ. डिझेल ऑइलमध्ये उतरलं तर व्हिस्कॉसिटी पडते, पण डिझेलचा हलका भाग गरम ऑइलमधून उडून जातो, बायोडिझेलचा उकळबिंदू वरचा आणि अरुंद पट्ट्यातला त्यामुळे ते उडत नाही, साचत राहतं. पुढं ऑक्सिडाइज होऊन व्हिस्कॉसिटी उलट चढायला लागते. आधी पडते मग चढते, हा वळणारा ग्राफ तुझ्या साध्या रेडवुड व्हिस्कोमीटरवरसुद्धा पकडता येतो. बीएस सिक्सच्या गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) साफ करायला उशिरा जादा इंजेक्शन मारतात, त्यात हीच गोष्ट जास्त त्रास देते, म्हणून कंपन्या वॉरंटीत जास्त बायोडिझेलला नको म्हणतात. कॉलेजच्या साध्या इंजिनावरचं काम थेट आजच्या गाड्यांच्या दुखण्याला जाऊन भिडतं असे विषय फार नाहीत.

एमिशनही घे, पण डोळसपणे. बी१००ला धूर कमी होणार, त्यात वजनाच्या १०-११ टक्के ऑक्सिजन आहे आणि ॲरोमॅटिक्स जवळजवळ नाहीत, हा फरक स्मोक मीटरवर नीट दिसतो. नॉक्स बहुधा वाढणार. याचं एक कारण फार सुंदर आहे: बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दाबलं जातं, त्याचा बल्क मॉड्युलस जास्त, त्यामुळे पंपापासून नोझलपर्यंत दाब लवकर पोचतो आणि नोझल थोडी आधी उघडते. म्हणजे २३ डिग्रीला लावलेलं इंजेक्शनचं टायमिंग तू न बदलता आपोआप किंचित पुढं गेलं. हे मेकॅनिकल पंपाचं, कॉमन रेलला (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्याला) असं होत नाही. मग फ्युएलमुळे किती आणि टायमिंगमुळे किती, हे वेगळं करायला पंपाच्या खालची शिम (पातळ पत्रा) वाढवून टायमिंग मागं घे आणि परत मोज. एवढं एक केलंस तरी बी२०च्या दहा रिपोर्टांपेक्षा वर जातोस. पीपीएमचे आकडे तसेच छापू नको, ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात काढ, नाहीतर पाव लोडला नॉक्स कमी आला म्हणून आनंद होतो, तो फक्त जास्तीच्या हवेनं पातळ झालेला असतो.

सिलिंडरला प्रेशर सेन्सर असेल तर एकच सांगतो, टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, नीट पकड. एनकोडर (क्रँकचा कोन मोजणारा) एका डिग्रीनं सरकला तर आयएमईपी (सिलिंडरमधला कामाचा सरासरी दाब) कित्येक टक्के चुकतो आणि हीट रिलीजचा ग्राफ शोभेचा होतो. फ्युएल बंद करून फिरत्या इंजिनाचा कर्व्ह घे, पीक टीडीसीच्या अर्धा-एक डिग्री आधी यायला पाहिजे, बरोबर टीडीसीवर किंवा नंतर आला तर एनकोडर हलव. नंतर शंभर सायकलचं ॲव्हरेज.

बायोगॅसचं विचारलंस. विषय चांगला, आणि आपल्या ऊसपट्ट्यात प्रेसमडपासून (उसाच्या रसाचा गाळ) गॅस हा धंदा होतोय, चिकोडी-रायबाग-अथणीकडं कारखान्यांना कमी नाही. इंजिनाला काम थोडं: इनटेकला मिक्सर लावायचा, गॅस आला की इंजिन पळायला बघतं आणि गव्हर्नर (स्पीड सांभाळणारा भाग) आपोआप डिझेलचा रॅक मागं घेतो, म्हणजे डिझेल कमी करतो, डिझेल ६०-७० टक्के वाचवता येतं. पायलट डिझेल पूर्ण बंद करता येत नाही, मिथेनला पेटवायला ते लागतंच. पण गोबरगॅसच्या उत्साहात गणित विसरू नको, एका एचपीला तासाला साधारण ०.४५ घनमीटर गॅस लागतो. पाच एचपीला सव्वादोन. घरगुती दोन घनमीटरच्या प्लांटचा अख्ख्या दिवसाचा गॅस तासाभरात संपला, मग घरात चूल पेटवायची कशावर. कमी लोडला ड्युएल फ्युएल इंजिन चांगलं चालत नाही, पातळ मिश्रण नीट जळत नाही, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं फ्युएल) चढतात. आणि हायड्रोजन सल्फाइड काढायला लोखंडाच्या किसाचा फिल्टर लाव, मच्छे-उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये टर्निंगचा चुरा फुकट मिळतो, जरा गंजवून वापरायचा. न लावल्यास बेअरिंगचं तांबं आणि ऑइल दोन्ही जातात.

इथेनॉल डिझेलमध्ये मिसळायच्या भानगडीत बॅचलरच्या प्रोजेक्टला पडू नको. सीटेन (फ्युएल किती पटकन पेटतं त्याचा आकडा) पडतो, पाण्याचा अंश आला की दोन थर होतात, आणि फ्लॅश पॉइंट एकदम खाली, १३ डिग्रीच्या आसपास, म्हणजे टाकीतली वाफ पेट्रोलसारखी धोक्याची. पेट्रोलला ई२० ठीक, ते इंजिनच वेगळं. इथेनॉलवर डिझेल इंजिन चालतंच नाही असं नाही, २०१४ला नागपुरात स्कॅनियाची बस ९५ टक्के इथेनॉलवर आणली होती, पण त्याला इग्निशन इम्प्रूव्हर आणि फार वरचा कॉम्प्रेशन रेशो लागतो. शिवाय अबकारीचं परमिट. डिस्टिलरीत ओळख आहे म्हणून कॅन भरून महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरून आणायचा विचार करणारे पण भेटलेत मला, तसलं काही करू नको बाबा.

करिअरचं. पॅसेंजर गाड्यांत इलेक्ट्रिक वाढणार, ते धरून चाल. पण ट्रॅक्टर, जनरेटर, जेसीबी, लांब पल्ल्याचे ट्रक इतक्यात जात नाहीत, आणि नियम जितके कडक तितकं टेस्टिंग जास्त. १ एप्रिल २०२०ला बीएस सिक्स आलं, डिझेलमधलं सल्फर १० पीपीएमवर, जनरेटरला १ जुलै २०२३पासून प्रदूषण मंडळाचे सीपीसीबी फोर प्लस नियम. हायड्रोजन इंजिनवर ट्रक कंपन्या काम करतायत, अशोक लेलँडनं २०२३ला ट्रक दाखवलाय. फ्युएल बदललं तरी डायनो, गॅस ॲनालायझर, प्रेशर सेन्सर तेच, आणि मोटरची टेस्ट पण डायनोवरच होते. पुण्याची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था १९६६पासून हेच करतेय, आणि निपाणीच्या पलीकडं कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा प्लांट आहे, आपल्यापासून दीड-दोन तासांवर. इंटर्नशिप टेस्ट सेलमध्येच माग, डिझाइनच्या एसीत नको. पहिले सहा महिने होज पाइप बदलशील, कपडे डिझेलनं माखतील, रात्रपाळीला एंड्युरन्सवर बसवतील. बसायचं. इंजिनाचा आवाज बदलला हे डिस्प्लेच्या आधी कानाला कळायला लागतं ते तिथंच.

इंटरव्ह्यूत करंज तेलाची टक्केवारी कोणी विचारत नाही. विचारतात की तुमच्या बीएसएफसीची अनसर्टन्टी किती, आणि कशी काढली. बहुतेक जण तिथं गप्प बसतात. तू वजनकाटा, झिरोची वही आणि क-खचा ग्राफ समोर ठेव.